आईचे अंग दुखते. मशीन घ्यावे का?

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी बाजूला काढून ठेवले होते. पत्र एका तरुण मुलाचे आहे. नाव-गाव छापू नका अशी त्याची विनंती आहे, म्हणून छापत नाही. एमआयडीसीत कंत्राटावर नोकरी, घरात आई, बायको आणि एक लहान मूल. आई चार घरची धुणीभांडी करीत असे. दोन वर्षांपासून दोनच घरे करते, कारण अंग साथ देत नाही. तो लिहितो :

"सप्रेम जयभीम. आईचे अंग तीन-चार वर्षांपासून दुखते. आधी मान दुखायची, मग खांदे, कंबर, मांड्या आणि आता सगळेच. रात्री झोपते, पण सकाळी म्हणते की झोपल्यासारखे वाटतच नाही. रक्त तपासले, एक्स-रे काढले, सगळे नॉर्मल आले. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी कागदावर 'फायब्रोमायल्जिया' लिहून दिले आणि व्यायाम करा म्हणाले. आई म्हणते, दिवसभर राबते तो काय व्यायाम नाही? शेजारच्या बायका म्हणतात, सून आल्यापासून हिची नाटके सुरू झाली. मी मोबाइलवर एक मशीन पाहिले. त्यावर दहा मिनिटे उभे राहिले की तासाभराच्या व्यायामाचा फायदा होतो आणि हा आजार बरा होतो असे लिहिले आहे. किंमत १८,००० रुपये आहे, हप्त्याने मिळते. ५०० रुपये भरून नोंदवले आहे. घेऊ का?"

उत्तर आधीच देऊन टाकते : घेऊ नका. निदान कर्ज काढून तर नकोच. पण एवढे लिहून थांबले तर तुमच्या आईचे दुखणे तिथेच राहील. तुमच्या पत्रात मशीनपेक्षा मोठ्या दोन गोष्टी आहेत. एक शेजारणींची आणि दुसरी आईची. आधी शेजारणींकडे वळू.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणे खोटे, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. घरातले तसे मानतात आणि काही डॉक्टरही मानतात. मग बाईलाच वाटू लागते की आपण खरेच नाटक तर करीत नाही ना? या आजाराचा सगळ्यात मोठा जाच हाच. हाड मोडले तर प्लास्टर दिसते, ताप आला तर कपाळाला हात लावून कळते. हे दुखणे दिसत कुठेच नाही.

गंमत अशी की डॉक्टर मंडळीही या दुखण्याच्या मागे शंभरावर वर्षे चकली आहेत. विल्यम गॉवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९०४ साली याला 'फायब्रोसायटिस' म्हटले, म्हणजे तंतूंची सूज. पुढे शोधूनही सूज काही सापडेना. म्हणून १९७६ साली नाव बदलून 'फायब्रोमायल्जिया' झाले, म्हणजे स्नायू आणि तंतूंची वेदना. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे नियम ठरवले : तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांगात वेदना, आणि शरीरावरच्या ठरावीक १८ जागांपैकी निदान ११ जागा दाबल्यावर दुखणे. २०१० साली त्या जागा मोजणेही सोडून दिले. आता दुखणे किती ठिकाणी आहे, थकवा किती, झोपेने ताजेतवाने वाटते का, विसरायला होते का, हे विचारून निदान करतात. म्हणजे डॉक्टरला रोग्याचे नीट ऐकूनच घ्यावे लागते. ही माझ्या मते मोठी चांगली गोष्ट झाली.

आणि पुरावा म्हणाल तर तोही आहे. २००२ साली अमेरिकेत १६ रोगी आणि १६ निरोगी माणसे घेऊन एक प्रयोग झाला. अंगठ्याच्या नखावर मोजून दाब द्यायचा आणि त्याच वेळी मेंदूचे चित्र घ्यायचे. निरोगी माणसाला जो दाब किरकोळ वाटला, त्याच दाबाने रोग्यांच्या मेंदूतली वेदनेची केंद्रे जागी झाली. निरोगी माणसाच्या मेंदूत तेच चित्र दिसायला कितीतरी जास्त दाब द्यावा लागला. रेडिओचे आवाजाचे बटण कुणीतरी वर करून ठेवावे आणि हळू बोललेलेही कानठळ्या बसवणारे वाटावे, तसा हा प्रकार आहे. दोष स्नायूंत नाही, वेदनेचा निरोप वाहून नेणाऱ्या आणि ऐकणाऱ्या यंत्रणेत आहे. एक्स-रेत तो कसा दिसणार? तुमच्या आईचे रिपोर्ट नॉर्मल आले ते बरोबरच आहेत, आणि तिचे दुखते तेही खरे आहे.

हा आजार बायकांत जास्त दिसतो. अमेरिकेतल्या विचिटा शहराची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत बायकांचे प्रमाण शेकडा ३.४ आणि पुरुषांचे शेकडा ०.५ निघाले. नव्या नियमांनी मोजले की पुरुषांची संख्या वाढते, कारण दाबल्यावर दुखणाऱ्या जागा पुरुषांत कमी सापडतात. असो.

एक मात्र बघून घ्या. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ झाले आहे ना? आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांचे रक्त कमी असते. त्यानेही अंग मोडून येते, आणि त्याला तर औषध आहे. सांधे सुजत असतील, ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा हातापायातली शक्ती जात असेल, तर ते फायब्रोमायल्जियाच्या खात्यात टाकून गप्प बसू नका, डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

आता मशीन. एक पाट असतो, वजनकाट्यासारखा पण मोठा. वीज लावली की तो सेकंदाला दहा-बारापासून तीस-चाळीस वेळा थरथरतो. काही पाट वरखाली हलतात, काही तराजूसारखे डावीउजवीकडे कलतात. त्यावर उभे राहिले की पायांचे स्नायू आपल्या न कळत पुन्हा पुन्हा आखडतात, कारण स्नायू ताणला गेला की त्याने उलट आखडायचे ही शरीराची सवयच आहे. म्हणजे स्नायूंना काम पडते हे खरे. कल्पना अगदीच फुसकी नाही.

फायब्रोमायल्जियासाठी हा प्रयोग मुख्यतः स्पेनमध्ये झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ बायका होत्या. काहींना आठवड्यातून दोनदा व्यायाम दिला, काहींना व्यायाम आणि थरथरणारा पाट दोन्ही, आणि काहींना यातले काहीच नाही. सहा आठवड्यांनी पाट मिळालेल्या बायकांचे दुखणे आणि थकवा कमी झाला. २०१० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात ४१ बायका होत्या. सेकंदाला साडेबारा वेळा कलणाऱ्या पाटावर बारा आठवडे सराव केल्यावर त्यांचा तोल सुधारला. जाहिरातवाले अशाच अभ्यासांच्या जोरावर बोलतात. पण पहिल्या अभ्यासातल्या बायका पाटावर नुसत्या उभ्या नव्हत्या, त्या नेमाने व्यायामही करीत होत्या, हे जाहिरातीत येत नाही. दहा मिनिटांत तासाचे फळ मिळाले, असेही कुठे निघालेले नाही.

कॉक्रेन नावाची एक संस्था आहे. औषध कंपन्यांचा पैसा न घेता जगभरचे प्रयोग चाळून खरे-खोटे निवडण्याचे काम ती करते. तिने २०१७ साली या मशीनवरचे सगळे प्रयोग एकत्र केले. हाती किती लागले? अवघे चार अभ्यास, १५० बायका, त्याही सगळ्या एकाच देशातल्या. मशीनने फायदा होतो की नाही हे एवढ्यावरून सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. अपाय होतो असेही म्हटलेले नाही. पण 'सांगता येत नाही' अशा वस्तूसाठी कंत्राटी कामगाराने महिनोन्महिने हप्ता भरावा का, याचा विचार तुम्हीच करा.

थरथराटाबद्दल एक जुनी हकीकत सांगते, कारण ती इथे चपखल बसते. पॅरिसमध्ये शार्को नावाचे जगप्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ होते. कंपवाताचे रोगी त्यांना सांगत की आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केला की आम्हाला बरे वाटते. म्हणून त्यांनी थरथरणारी खुर्ची करवून घेतली आणि १८९२ साली तिच्यावर व्याख्यानही दिले. रोगी म्हणत, झोप छान लागते, अंग हलके होते. लवकरच शार्को वारले आणि खुर्ची अडगळीत गेली. पुढे शिकागोच्या डॉक्टरांनी तशीच खुर्ची बनवून पुन्हा प्रयोग केला आणि २०१२ साली तो छापला. अर्ध्या रोग्यांची खुर्ची थरथरत होती. उरलेल्यांची खुर्ची थरथरत नव्हती, नुसते शांत आवाज ऐकवले जात होते. चार आठवडे रोज बसवले, आणि सुधारणा दोन्हीकडे झाली! दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे रोज ठरल्या वेळी कुणीतरी आस्थेने खुर्चीत बसवते, अर्धा तास घरच्या कटकटीतून सुटका होते, याचाही गुण येतो. तो गुण खोटा नाही. फक्त त्यासाठी १८,००० रुपये लागत नाहीत.

आणि थरथराटच औषध असता तर आपले एस.टी.चे चालक सर्वांत धडधाकट असते. ट्रॅक्टर, ट्रक, बस वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांच्या कमरा धरतात त्यामागे या सततच्या हादऱ्यांचाही हात असतो, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. किती जोरात, किती वेळ आणि कुणाला, यावर सगळे ठरते. गरोदर बाई, नुकतेच हाड मोडलेले किंवा ऑपरेशन झालेले, पायात रक्ताची गाठ असलेले, फिट्स येणारे, मूतखडा-पित्तखडा असलेले, हृदयात पेसमेकर बसवलेले, यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय या पाटावर पाय ठेवू नये. दवाखान्यात फिजिओथेरपिस्टने समोर उभे राहून, इतर व्यायामाच्या जोडीला हा पाट वापरायला दिला तर जरूर वापरा. घरी घेऊन यायचे कारण नाही.

मग गुण कशाने येतो? उत्तर ऐकून तुमची आई चिडेल. व्यायामाने! युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली या आजारावरचे सगळे उपाय पारखले. औषधे, मालिश, सुया टोचणे, गरम पाण्याचे उपचार, सगळेच. त्यांतल्या एकाच उपायाची त्यांनी ठामपणे शिफारस केली. तो व्यायाम.

फार मोठी आशाही लावत नाही. कॉक्रेननेच २०१७ साली चालणे, सायकल अशा दमाच्या व्यायामावरचे १३ अभ्यास तपासले. त्यांत ८३९ रोगी होते. दुखणे १०० गुणांनी मोजले तर व्यायाम करणाऱ्यांचे साधारण ११ गुणांनी कमी झाले, आणि हा पुरावाही फार भक्कम नाही असे त्यांनीच नोंदवले. शंभरातले अकरा म्हणजे दुखणे गेले नाही. पण पायऱ्या चढता येणे, नातवंडाला उचलून घेता येणे आणि तिसरे घर पुन्हा धरता येणे, हा फरक कधी कधी तेवढ्या गुणांचाच असतो.

आता पुढचे आईला वाचून दाखवा.

ताई, तुम्ही म्हणता दिवसभर राबते तो काय व्यायाम नाही? तुमचे बरोबर आहे. ज्यांनी आयुष्यभर खुर्चीवर बसून काम केले त्यांच्यासाठी लिहिलेला सल्ला आपल्या बायकांना जसाच्या तसा देणे हा अडाणीपणा आहे. तुमचा राग मला समजतो. मीही एकदा एका तरुण डॉक्टरच्या तोंडून 'आजी, जरा हालचाल करत जा' हे ऐकले आहे, आणि ज्यांना ते सांगितले त्या बाई पहाटे साडेचारपासून उभ्या होत्या.

पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे. धुणे धुताना कंबर तासभर एकाच बाजूला वाकलेली असते. पिळताना तीच दोन मनगटे, घासताना तोच एक खांदा. दुखू लागले तरी थांबता येत नाही, कारण बाई घड्याळाकडे बघत असते. दम भरेल असे फारसे काही नसते आणि विसावाही नसतो. व्यायामात उलट आहे. कुठे थांबायचे ते तुम्ही ठरवता. सगळ्या अंगाला सारखे काम मिळते. श्वास जरा वाढतो. आणि ती वेळ कुणाच्या भांड्यांची नसते, तुमची असते.

या आजारात व्यायामाचा पहिला धडा कमी करण्याचा आहे. बहुतेक बायका इथेच फसतात. डॉक्टरने सांगितले म्हणून पहिल्याच दिवशी अर्धा तास चालतात. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते, चार दिवस अंथरूण सुटत नाही, आणि मग 'व्यायामाने वाढले' म्हणून कायमचे सोडून देतात. तुमच्या शरीरातले आवाजाचे बटण वर आहे हे लक्षात घ्या. त्याला दचकवायचे नाही. सहज जेवढे जमेल असे वाटते त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. दहा मिनिटे जमतील असे वाटले तर पाचच चाला. सपाट जागी, समाजमंदिराच्या पटांगणात किंवा गल्लीत, शेजारणीशी बोलत बोलत. बोलता येते तोवर वेग बरोबर, बोलताना धाप लागली की जास्त. आठवड्यातून चार-पाच दिवस पुष्कळ झाले. आठवडा नीट गेला तरच पुढच्या आठवड्यात एक-दोन मिनिटे वाढवा. दोन-अडीच महिन्यांत वीस मिनिटांवर आलात तरी उत्तम.

व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी थोडे जास्त दुखेल. घाबरू नका, काही मोडलेले नसते. ते दोन दिवसांत ओसरले तर तेवढेच चालू ठेवा. नाही ओसरले तर निम्मे करा, पण बंद करू नका. आणि अंग हलके वाटेल त्या दिवशी सगळी साठलेली कामे एकदम काढून बसू नका. गोधड्या धुवायचा मोह त्याच दिवशी होतो, मला माहीत आहे. मग पुढचे तीन दिवस पडून राहावे लागते. बऱ्या दिवशी थोडे कमी आणि वाईट दिवशी थोडे जास्त करायचे, असे हिशेबाने वागायचे.

चालणे अंगवळणी पडले की स्नायूंच्या ताकदीचे दोन-तीन प्रकार जोडा. खुर्चीवर बसून हाताचा आधार न घेता उठायचे, पाच वेळा. भिंतीला तळवे टेकून अंग पुढे न्यायचे आणि मागे आणायचे, पाच वेळा. पाण्याची अर्धा लिटरची बाटली हातात धरून कोपरातून वर-खाली. पाच जमले की आठ, आठ जमले की दहा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो. तिथे एकदा जाऊन समोर करून दाखवा आणि चूक सुधारून घ्या.

झोपेचेही सांगते. १९७५ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात धडधाकट विद्यार्थ्यांना गाढ झोप लागली की आवाज करून खळबळवत, पण जागे करीत नसत. काही रात्रींतच सकाळी उठल्यावर त्यांचे अंग दुखू लागले! तुमची झोप तशीच वरवरची आहे. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. ठरल्या वेळी अंथरुणावर पडायचे, आणि घरात टीव्ही चालू असेल तर तो बंद करायला मुलाला हक्काने सांगायचे. नियमित चालण्याने झोपही हळूहळू सुधारते.

डॉक्टरांनी झोपताना घ्यायची एखादी छोटी गोळी दिली असेल आणि दुकानदार म्हणाला असेल की ही तर डिप्रेशनची गोळी, तर बिचकू नका. अशा काही गोळ्या वेदनेचा निरोप मंद करतात म्हणून कमी मात्रेत देतात. वेड लागले म्हणून नव्हे. उलट रोज उठून दुखण्यावरची नेहमीची गोळी घेण्याने या आजारात फारसे काही साधत नाही, आणि पोट व मूत्रपिंड मात्र बिघडते. आठवडी बाजारात मिळणाऱ्या पुड्या तर अजिबात नकोत. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस बरे वाटते आणि पुढे हाडे पोकळ होतात.

आता पुन्हा मुलाशी बोलते. तुमच्या पत्रात तुम्ही सगळ्यांबद्दल लिहिले, पण आईच्या कामाची वाटणी कशी होते ते लिहिले नाही. दोन घरची कामे करून आल्यावर घरचे पाणी कोण भरते? सूनबाईंच्या हाताशी लहान मूल आहे, तेव्हा सगळे तिच्यावर ढकलू नका. दोन हंडे तुम्ही उचललेत तर आईला संध्याकाळची वीस मिनिटे मिळतील. आणि पहिले पंधरा दिवस तिच्याबरोबर चाला. एकटी निघाली तर त्याच शेजारणी विचारतील, 'आता कशी चालते गं?' मुलगा बरोबर असला की हा प्रश्न येत नाही.

५०० रुपये परत मिळतात का ते विचारा. मिळाले तर त्यात थोडी भर घालून तिला मऊ तळव्याचे, बंद बूट घेऊन द्या. रबरी चपलेवर वीस मिनिटे चालवत नाही. साडीवर बूट कसे दिसतील, असे ती म्हणेल. म्हणू द्या. किती मिनिटांपासून सुरू केले आणि दिवाळीपर्यंत किती झाली, ते मला पुढच्या पत्रात कळवा.